अधिक दोन

नाव ठळक कोरलेलं असेल
तर आधी संशय घ्यायचा, फ्रामरोजशेठ म्हणायचे.
नागदेवीच्या माळ्यावर त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं
मी जर्मन दुर्बिणी पुसल्या,
आणि जर्मन नसलेल्याही:
रशियन नळ्या, वर जाड अक्षरांत झाइस,
आणि नंबर असा की तेवढा माल
त्या कारखान्यानं तोवर काढलाच नव्हता.

लढाईतली खरी दुर्बीण नाव सांगत नाही.
खांद्यावर तीन बारकी अक्षरं, बस,
शत्रूला कारखान्याचा पत्ता लागू नये म्हणून.
बी, एल, सी म्हणजे येना.
बी, ई, एच म्हणजे वेट्झलर.
हे मला झोपेत विचारा.
आईच्या माहेरची नावं मात्र आठवत नाहीत.

झुलेखा मुकादम दुपारी आली,
बिस्किटांचा डबा, डब्यात जुनं बनियन, बनियनमध्ये ती.
"नानांची. सारंग होते बोटीवर.
हॅम्बुर्गला कुणी खलाशानं दिली, सिगारेटींच्या बदल्यात.
विकायची नाही. म्हणजे, ठरलं नाही अजून.
किंमत सांगा."

सहा बाय तीस. बी, एल, सी.
कडांचा काळा रंग उडून धातू दिसतोय,
ते चांगलं; नवा रंग फासला की किंमत निम्मी.
उजव्या नळीत मोजपट्टीच्या रेघा शाबूत.
यातून कुणीतरी कुणाचं तरी अंतर मोजलं असणार,
त्याबद्दल मी गिऱ्हाइकांशी बोलत नाही.
प्रिझमवर बुरशी पसरलीय.
ती जर्मन नाही. ती आपली, डोंगरीची.

आणि डोळ्यांकडच्या कड्या जाम.
या दुर्बिणीला मधलं चाक नसतं,
प्रत्येक डोळ्यानं आपापला नंबर लावायचा;
वंगण सुकलं की शेवटच्या माणसाचा नंबर
तिथेच बसतो.
दोन्हीकडे अधिक दोन.

"गॅलरीत बसून बोटी बघायचे," ती म्हणाली,
"दिवसभर. समोर टॉवर झाला तरी.
आम्ही चिडवायचो."
"टॉवर कधी झाला?"
"मी चौथीत होते."
"आणि नाना?"
"मागच्या रमजानमध्ये गेले."

अधिक दोन म्हणजे म्हातारे डोळे,
लांबचं बघतानाही ज्यांना नंबर लागतो.
किंवा अधिक दोन म्हणजे धडधाकट डोळे
आणि साठ फुटांवरचं काहीतरी.
कडीवर दोन्हींचा आकडा एकच.

"चष्मा होता त्यांना?"
"वाचायला. मोतीबिंदू काढल्यावर लांबचं लख्ख दिसायचं,
भिंतीवरचं कॅलेंडर इथून वाचायचे."

साठ फूट.
त्यांच्या गल्लीत तेवढ्यावर काय असेल?
पाण्याची टाकी. कबुतरं. एखादी खिडकी,
खिडकीत कुणाचं काय वाळत घातलेलं.
मी विचारलं नाही. किंमत सांगितली:
आहे तशी, नऊ हजार.
उघडून, वंगण काढून, बुरशी पुसून,
दोन्ही नळ्या एका रेषेत आणून, बावीस.
"उघडली की कड्या फिरतील," एवढंच म्हटलं.
"मग हा नंबर राहणार नाही."

तिनं ती डोळ्यांना लावली.
आकाशाकडे धरली, नाक मुरडलं,
मग खाली आणत आणत रस्त्यावर, तिरकी,
पलीकडच्या चौथ्या दुकानाच्या पाटीवर.
"या अल्ला," म्हणाली, "धुरकट आहे, पण बघा तरी,
रंगाऱ्यानं वेलांटी दोनदा काढलीय."
बराच वेळ तिनं ती खाली घेतली नाही.
तोवर मी दोन बेअरिंगा विकल्या.

पावतीवर मी दोन्ही किमती लिहिल्या,
खाली सवयीनं उजवा, डावा:
अधिक दोन, अधिक दोन.
फ्रामरोजशेठ असते तर ओरडले असते,
एकच भाव बोल, डीकरा,
गिऱ्हाईक गोंधळतं.